सम्यक व्यायाम आणि एकवीस किलोमीटर

(विहाराच्या वर्धापनदिनी, आषाढ पौर्णिमेस, झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मी विनम्र अभिवादन करते. समितीने जेव्हा मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, अहो, मी काही धम्माची अभ्यासक नाही. मी एक साधी शिक्षिका. बोलू तरी काय? तेव्हा अध्यक्षसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही पहाटे पळता ना, त्याच्यावरच बोला." म्हणून आज उभी आहे. भाषणात काही चुकले तर लहान बहीण समजून सांभाळून घ्या.

रविवारच्या बालवर्गात मुलांना अष्टांगिक मार्ग शिकवत होते. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, असे म्हणत म्हणत सम्यक व्यायामापाशी आलो, तेव्हा एका मुलाने हात वर केला. "मॅडम, म्हणजे जोर-बैठका का?" सगळी मुले हसली. मीही हसले आणि सांगितले, "नाही रे बाळा, पालीत सम्मा वायामो म्हणतात. त्याचा अर्थ योग्य प्रयत्न." उत्तर बरोबर होते. पण घरी येताना मनात आले, त्या लेकराचे तरी काय चुकले? योग्य प्रयत्न म्हणजे काय, हे मला स्वतःला पुस्तकातून कळले नव्हते. ते पायांनी शिकवले. ती हकिकत सांगते.

माझ्या आईला तुम्ही सगळे ओळखता. ती बघा, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप घेतले की हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही. आमची शाळा, वह्या-पुस्तके, माझे डी.एड., सगळे त्या सुपातून निघाले. पण बसून बसून तिच्या अंगात साखर कधी शिरली, ते कोणालाच कळले नाही. २०११ साली चप्पल चावल्याचे निमित्त झाले. साखरेच्या रोगात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे जखम दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस लक्ष देत नाही. आईने हळद लावली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतले. कारखान्यात विड्या द्यायच्या होत्या ना! महिन्याभराने गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

हे मी कोणाची कीव यावी म्हणून सांगत नाही. हे आपल्या घराघरांतले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज दिला आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, ते आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. पाय दुखायचे, दृष्टी मंदावली होती, तरी लिखाण थांबले नाही. ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे पासष्ट होते. आपल्या समाजाला ते आणखी दहा वर्षे मिळाले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मागच्या वर्षी माझी तपासणी झाली. वय चव्वेचाळीस. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.९ आला. साडेसहाच्या पुढे गेले की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितले. मी घरी आले आणि आईच्या पायाकडे बघितले. त्या रात्री झोप लागली नाही.

चालायला लागले. दिवाळीनंतर थंडीचे दिवस होते. शाळेतल्या एका सहकारी शिक्षकाने साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनबद्दल सांगितले. २०१२ सालापासून पावसाळ्याच्या दिवसांत ती शर्यत होते. यवतेश्वरचा घाट चढून वर जायचे आणि खाली उतरून यायचे. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची, अर्धी त्याच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळजवळ १०० मीटर. ते गुरुजी म्हणाले, "त्यात नुसते पट्टीचे धावपटू नसतात हो मॅडम, तुमच्या-आमच्यासारखे नोकरदार, गृहिणी, पेन्शनरसुद्धा असतात." झाले! डोक्यात किडा शिरला.

आईला सांगितले तर ती म्हणाली, "येडी झालीस का गं? या वयात पळून पळून जायचंय कुठं?"

तिला उत्तर देता आले नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता पार्क चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हात जोडले आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने पळायला लागले. पंजाबी ड्रेस, वर स्वेटर, कानाला रुमाल. दोन मिनिटांत धाप लागली. कुत्री मागे लागली ती वेगळीच! त्या दिवशी तलावाच्या कडेला दम खात उभी होते. अजून अंधार होता, पाण्यावर दिव्यांचा उजेड पडला होता. आणि मला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक रांगेने चवदार तळ्याकडे चालत गेले. आपला लढा असा पायांनी चालत गेलेला आहे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा, त्यांची नात आज भर गावात तळ्याच्या काठाने पळते आणि तिला कोणी अडवत नाही. हा रस्ता आपल्याला फुकट मिळालेला नाही. मग त्यावर आपण का चालू नये?

अशी जिद्द आली. पण बंधू-भगिनींनो, जिद्द आली की अक्कल कधी कधी घरीच राहते.

सहा आठवडे झाले होते. सलग चार किलोमीटर पळता येऊ लागले होते. एका रविवारी विजापूर रस्त्याला एक तरुण पोरगा शेजारून भुर्रकन गेला आणि जाता जाता म्हणाला, "काकू, रिक्षा करा!" बास. मला राग आला. त्या दिवशी चाराच्या जागी अकरा किलोमीटर पळाले. पायात सेलमध्ये घेतलेले स्वस्तातले बूट, तेही एक नंबर लहान. घरी आले तर नडगीत कळा येत होत्या आणि उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड आला होता. तरी मंगळवारी पुन्हा गेले. गुरुवारी पुन्हा. फोड फुटला, मोजा चिकटला. मी कोणाला सांगितले नाही. मुलांना सांगितले नाही, मालकांना सांगितले नाही. शाळेत दिवसभर उभी राहून शिकवत होते. मनात एकच, हरायचे नाही.

गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. संध्याकाळी मी आईजवळ बसून भाजी निवडत होते. आई एकदम थांबली. तिने मान वर केली आणि म्हणाली, "पाय दाखव."

मी म्हटले, "काही नाही गं, जरा घासलंय."

ती म्हणाली, "दाखव. हा वास मला ठावा हाय."

काय बोलणार? पाय पुढे केला. जखमेत पू झाला होता. आई ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त स्वतःचा उरलेला पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. तिथून उठून मी सरळ दवाखान्यात गेले. डॉक्टर खूप रागावले, आणि रागवायलाच हवे होते. साखर असलेल्या माणसाने पायाची जखम लपवायची म्हणजे काय? पाच आठवडे पळणे बंद. तेव्हा ठरवून टाकले, हे आपले काम नव्हे. बूट माळ्यावर टाकले.

त्या दिवसांत भन्तेजी विहारात आले होते. वंदनेनंतर मी त्यांना सगळे सांगितले. वाटले होते, ते म्हणतील, सोडून दे ताई. त्यांनी मला सोण स्थविरांची गोष्ट सांगितली. विनयपिटकाच्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायात ती आहे. आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल, तरी पुन्हा सांगते.

सोण कोळीविस हा चंपा नगरीच्या फार श्रीमंत घरचा मुलगा. इतका सुखात वाढलेला की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते म्हणतात. भगवंतांचा उपदेश ऐकून तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ शीतवनात राहून साधना करू लागला. त्याने चंक्रमणाचा, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान करण्याचा, इतका अतिरेक केला की तळपाय फुटले. चालायची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना. तेव्हा त्याला वाटले, त्यापेक्षा घरी परत जावे, दानधर्म करावा. तथागत स्वतः त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग त्यांनी समजावले, अति प्रयत्नाने मन अस्वस्थ होते आणि कमी प्रयत्नाने आळस येतो. म्हणून प्रयत्न समतोल ठेव. सोणाने तसे केले आणि पुढे तो अर्हत झाला.

आज आषाढ पौर्णिमा. याच दिवशी सारनाथला तथागतांनी पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. दोन्ही टोके सोडा, मध्यम मार्गाने चला, असे सांगितले. हे मी लहानपणापासून ऐकत आले, मुलांना शिकवत आले. पण माझी एक तार तीस वर्षे सैल होती आणि मग सहा आठवड्यांत मी ती तुटेपर्यंत ताणली, हे त्या दिवशी कळले. भगवंतांनी सोणाला चालणे सोडायला सांगितले नाही, हेही कळले. उलट, चंक्रमणाचे पाच लाभ त्यांनी सांगितलेले आहेत. प्रवास सोसवतो, कष्ट सोसवतात, आरोग्य राहते, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते.

मार्चमध्ये डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी शिस्तीने. कोणाला सुरू करायचे असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. हळूहळू पळायची मिनिटे वाढवायची आणि चालायची कमी करायची. दोन-सव्वादोन महिन्यांत अर्धा तास सलग पळता येते. वेग किती? तर शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मग रविवारचे लांब अंतर आठवड्याला एखाद्या किलोमीटरने वाढवायचे, आणि तीन आठवडे वाढवले की चौथ्या आठवड्यात कमी करायचे. याचे कारण असे की दम लवकर वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध सावकाश बळकट होतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. नडगीचे ऐकायचे. शर्यतीच्या आधी पूर्ण एकवीस पळून बघायची गरज नसते. सोळा-सतरापर्यंत गेले की पुरते, आणि शेवटचे दोन आठवडे उलट कमी पळायचे, म्हणजे अंगात ताकद साठते.

आपले सोलापूरचे ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीसच्या पुढे पारा. म्हणून साडेचारला उठून सूर्य वर यायच्या आत घरी. परत आल्यावर मीठ घातलेले ताक. जेवायला आपली ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाचटणी. महागडे डबे काही लागत नाहीत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पळताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे ती एकदम खाली येऊ शकते. म्हणून माझ्या खिशात नेहमी चार पेपरमिंटच्या गोळ्या असतात. आणि घरी आल्यावर रोज दोन्ही तळपाय उजेडात बघायचे. माझे पाय आई बघते. ते काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

आपले सोलापूर सपाट, मग घाटाचा चढ आणायचा कुठून? शाळा सुटल्यावर शाळेचा जिना चढते-उतरते. मुले मोजतात.

आता बुटांची गोष्ट. सोणाची कथा इथे संपत नाही. त्याचे पाय बघून तथागतांनी त्याला एका पदराची पादत्राणे वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मी एकटा घालणार नाही. संघाला परवानगी असेल तर मी घालीन. मग भगवंतांनी सगळ्या संघाला ती परवानगी दिली. हे ऐकले आणि मी खाली मान घातली. कारण तोपर्यंत आमच्या गल्लीतल्या तिघी-चौघी माझ्याबरोबर यायला लागल्या होत्या. त्यातल्या दोघी विड्या वळतात. मी चांगले नवे बूट घेतले होते आणि त्या स्लिपर घालून पळत होत्या. मी त्यांना रोज सांगत होते, पाय जपा! मग आम्ही बचत गटासारखे आठवड्याला पन्नास रुपये काढायला लागलो. दर महिन्याला चिठ्ठी टाकायची, जिची निघेल तिचे बूट, कमी पडले तर बाकीच्यांनी भर घालायची. आज आम्ही सातजणी आहोत आणि पाचजणींना बूट झाले आहेत. दोघी अजून चालतातच, पळत नाहीत. बूट आल्यावर पळतील.

कोणी म्हणेल, बायकांनी कशाला पळायचे? जगानेही हेच म्हटले होते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ साली सुरू झाली, बायकांची थेट १९८४ साली. आणि आपल्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, दुष्काळी भागातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लष्करात गेला. कोणत्या पलटणीत? महार रेजिमेंटमध्ये! १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली ती पलटण. विशी ओलांडल्यावर तो खरा धावपटू झाला आणि २०२० साली दिल्लीच्या अर्ध मॅरेथॉनमध्ये १ तास ३० सेकंदांत पोहोचला. हे अंतर ६१ मिनिटांच्या आत कापणारा तो पहिला भारतीय. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले. मुलांनो, त्याला एकवीस किलोमीटरला तासभर लागतो. तुमच्या मॅडमना तीन तास लागतील. रस्ता मात्र दोघांना सारखाच.

माझे अजून एकवीस झालेले नाहीत. गेल्या रविवारी चौदा झाले. साताऱ्याला नाव नोंदवले आहे. दोन महिन्यांच्या आत शर्यत आहे. घाट पुरा होईल की नाही, मी आज सांगू शकत नाही. पाय दुखला तर मी थांबणार आहे, आणि तसे आईला वचन दिले आहे. साखरेचा आकडा ६.२ वर आला आहे. गोळी चालूच आहे.

जाता जाता समितीला दोन विनंत्या करते. पहिली, पहाटे पाच वाजता विहाराचे फाटक उघडावे आणि आवारातला दिवा लावावा. ज्यांना रस्त्यावर जायला संकोच वाटतो, कुत्र्यांची भीती वाटते, त्या माता-भगिनी इथेच चंक्रमण करतील. दुसरी, दर सहा महिन्यांनी या हॉलमध्ये साखर तपासणी व्हावी, आणि त्या दिवशी नुसते रक्त नको, पायही तपासावेत. विड्या वळणाऱ्या, मशीनवर बसणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे पाय. माझ्या आईला हे मिळाले असते, तर ती आज या खुर्चीवर नसती, तुमच्यात सतरंजीवर मांडी घालून बसली असती.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितले, बाळा, जोर-बैठकासुद्धा सम्यक व्यायाम होऊ शकतात. किती काढायच्या आणि कधी थांबायचे, एवढे कळले पाहिजे.

आणि आई आता "पळून जायचंय कुठं" म्हणत नाही. मी दारात बूट काढायला बसले की ती विचारते, "आज किती झालं?" मी आकडा सांगते. मग ती म्हणते, "आण पाय इकडं."

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

जयभीम! नमो बुद्धाय!